शिक्षेच्या दिवशीच अपिलाची शेवटची तारीख कागदावर द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सोलापूर,
आणि जिल्ह्यातल्या सर्व वकील संघांचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्र लांब आहे, म्हणून मागणी आधी सांगून टाकतो. आपल्या जिल्ह्यात ज्याला ज्याला कैदेची शिक्षा होते, त्याच्या हातात निकालाच्या नकलेबरोबर एक पान द्या. अपील कोणत्या कोर्टात करायचं, ते दाखल करायची शेवटची तारीख कोणती आणि वकिलाला द्यायला पैसे नसतील तर कुठं जायचं, एवढंच त्यावर असावं. आणि ते पान त्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत असावं.

माझी नोकरी कोर्टांच्या नक्कल विभागात गेली. नकलेच्या खिडकीवर येणारा माणूस वकिलाला विचारायला लाजतो ते कारकुनाला बिनधास्त विचारतो, म्हणून लोकांचे खरे प्रश्न आमच्या कानावर पडायचे. त्यातले दोन पुन्हा पुन्हा यायचे. पहिला : “परवा दोषी धरलंय, अपील आजच टाकायचं ना?” दुसरा : “शिक्षा लागून महिना झाला, पण नक्कल कुठं मिळालीय? म्हणजे मुदत अजून सुरूच नाही ना?” पहिल्याची घाई फुकट जाते. दुसऱ्याच्या निवांतपणाची किंमत मात्र फार मोठी असते. दोघांनाही खटला नेमका कधी संपतो आणि अपिलाचं घड्याळ नेमकं कधी चालू होतं, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

सेशन कोर्टातलंच घ्या. न्यायाधीश शनिवारी सांगतात की आरोपी दोषी आहे आणि शिक्षेवर सोमवारी ऐकू. हा मधला वेळ कायद्यानं मुद्दाम ठेवलेला आहे. आधी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ मध्ये आहे. गुन्हा शाबीत झाला तरी शिक्षा किती द्यायची यावर आरोपीला स्वतंत्रपणे ऐकलंच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं १९७६ साली संता सिंग खटल्यात बजावलं. पुढं १९८९ मध्ये अल्लाउद्दीन मियाँ खटल्यात तेच कोर्ट म्हणालं की दोषी ठरवल्यावर शिक्षेसाठी शक्यतो पुढची तारीख द्यावी, म्हणजे दोन्ही बाजूंना तयारीला सवड मिळेल. हेतू आरोपीच्या भल्याचाच आहे. पण घरच्यांच्या डोळ्यांसमोर काय घडतं? इतकी वर्षं जामिनावर घरी असलेल्या माणसाला पोलीस तिथंच ताब्यात घेतात. बाहेर बायको रडत असते, भाऊ फोन लावत असतो, आणि गर्दीतला एखादा जाणकार सांगून जातो, “आता हायकोर्टच.”

अशाच एका घरातला थोरला भाऊ त्याच रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला गेलेला मला ठाऊक आहे. पैसे व्याजानं काढले होते. तिथल्या वकिलानं कागद चाळले आणि विचारलं, शिक्षेचा आदेश कुठाय? तो तर अजून व्हायचाच होता. सल्ल्याची फी आणि गाडीभाडं गेलं. खरं अपील करायची वेळ आली तेव्हा घरात दमडी नव्हती.

दोषी ठरवल्याच्या त्या शनिवारी अपील होत नाही, कारण निकालच अजून पुरा झालेला नसतो. मागावरून न उतरलेली चादर बाजारात नेता येत नाही, तसं. १९९५ च्या रामा नारंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे स्वच्छ सांगितलं आहे : शिक्षा सुनावल्यावरच खटला संपतो, आणि काय शिक्षा दिली हे लिहिल्याशिवाय निकालपत्र पूर्ण होत नाही. मुदतीचा कायदाही तीच ओळ धरून चालतो. १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद ११५ मध्ये अपिलाची मुदत कधीपासून मोजायची, तर ‘शिक्षेच्या किंवा आदेशाच्या तारखेपासून’. दोषी ठरवल्याच्या दिवसाचा तिथं उल्लेखच नाही.

त्यातलं ‘किंवा आदेशाच्या’ हे शब्द मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतात. मॅजिस्ट्रेट कधी कधी दोषी ठरवतात, पण शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतात. माणूस पेढे वाटतो. त्याला वाटतं सुटलो. सुटलेला नसतो; दोषी हा शेरा कायम असतो, फक्त शिक्षा सुनावलेली नसते. मग शिक्षाच नाही तर अपील कसलं? तर आहे. परिवीक्षेच्या, म्हणजे असं बंधपत्रावर सोडण्याच्या, आदेशाविरुद्ध अपिलाची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१५ मध्ये आहे आणि १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम ११ मध्येही आहे. नोकरीतल्या माणसानं तर ती वापरायचा विचार जरूर करावा. पुढं खात्याची चौकशी लागते तेव्हा वरिष्ठ बंधपत्र बघत नाहीत, दोषी हा शब्द बघतात.

आता दिवस मोजण्याकडे येतो. माझ्या नोकरीचा जीव इथंच होता, म्हणून जरा रेंगाळतो, आपण सांभाळून घ्या.

शिक्षा मॅजिस्ट्रेटनं दिली असेल तर अपील सेशन कोर्टात, मुदत ३० दिवस. सेशन किंवा अतिरिक्त सेशन न्यायाधीशांनी दिली असेल तर अपील हायकोर्टात, मुदत ६० दिवस. सेशन कोर्टानं फाशी दिली असेल तर अपिलाला ३० दिवसच. पण फाशीवर हायकोर्टाचं शिक्कामोर्तब झाल्याशिवाय ती अमलात येत नाही आणि ते प्रकरण सेशन कोर्टालाच तिकडे पाठवावं लागतं, तो वेगळा मार्ग. इथवर बहुतेक वकिलांच्या कारकुनांनाही पाठ असतं. घोळ पुढं होतो, नकलेच्या दिवसांत.

निकालाचा दिवस मोजायचा नाही. नक्कल मिळवायला लागलेले दिवसही वजा होतात. पण कोणते? नकलेच्या पाठीवर शिक्का असतो आणि त्यात तारखा असतात : अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. वजावट मिळते ती अर्जाच्या दिवसापासून नक्कल तयार झाल्याच्या दिवसापर्यंत. तयार झालेली नक्कल आमच्या कपाटात पडून राहिली, तर ते दिवस तुमच्या खात्यातले. समजा मॅजिस्ट्रेटनं १ जूनला शिक्षा दिली. २ जूनपासून ३० दिवस म्हणजे १ जुलै. ५ जूनला नकलेचा अर्ज दिला आणि १२ जूनला नक्कल तयार झाली, तर ८ दिवस वाढले आणि शेवटची तारीख झाली ९ जुलै. आता नक्कल तयार असूनही तुम्ही ती २० जूनला नेलीत, तरी शेवटची तारीख ९ जुलैच. आणि नकलेचा अर्ज केलाच मुळी १० जुलैला, तर वजावटीचा प्रश्नच उरत नाही; मुदत आधीच गेलेली असते. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलेलं चालतं, इतकीच काय ती सवलत.

खिडकीवर सगळ्यात जास्त दिसलेली समजूत म्हणजे नक्कल हातात पडल्यापासून नवे तीस दिवस मिळतात ही. ती कुणी पसरवली कोण जाणे. एक विडी कामगार बाई होत्या. मुलाला मारामारीच्या खटल्यात शिक्षा झालेली. कारखान्यात विड्या देऊन, मजुरी हातात पडली की त्या येणार. नक्कल तयार होती, पण वकील गावाला गेलेत, ते आले की एकदमच नेते म्हणाल्या. ती नेली तेव्हाच मुदत संपत आली होती, आणि वकिलाच्या टेबलावर ती आणखी पडून राहिली. पुढं विलंब माफीचा अर्ज करावा लागला. असा अर्ज मुदत कायद्याच्या कलम ५ खाली होतो आणि कैदेत असलेल्या गरिबाच्या बाबतीत कोर्टं बहुधा समजून घेतात, हे खरं. पण समजून घेणं म्हणजे हक्क नव्हे. उशीर का झाला ते सांगावं लागतं, पटवावं लागतं, त्यावर समोरच्याचं म्हणणं येतं, तारखा पडतात. तेवढा काळ मुलगा आतच.

आता या सगळ्यात कायदा कुठं उभा आहे ते बघा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ नुसार (जुनं ३६३) कैदेची शिक्षा झाली की निकाल सुनावल्यावर लगेच त्याची प्रत आरोपीला फुकट द्यायची. हे कलम आता बऱ्यापैकी पाळलं जातं. पण अपिलाची मुदत किती हे कोर्टानं स्वतः आरोपीला सांगितलंच पाहिजे, असं बंधन त्या कलमात फक्त एका शिक्षेसाठी आहे : फाशीसाठी. जन्मठेपेला नाही, दहा वर्षांना नाही, सहा महिन्यांना नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वरून वाचलं. फाशीच्या कैद्याकडे अख्ख्या राज्याचं लक्ष असतं, त्याला वकील मिळतो, प्रकरण आपोआप हायकोर्टात जातं. मुदत सांगायची खरी गरज आहे ती दोन वर्षांची शिक्षा झालेल्या, कुणाचंच लक्ष नसलेल्या माणसाला.

त्याच कलमात आणखी एक ओळ आहे आणि ती आपल्या गावासाठीच लिहिली असावी असं मला नेहमी वाटत आलं. आरोपीनं मागितलं तर निकालाचं भाषांतर त्याच्या स्वतःच्या भाषेत, शक्य असेल तर, नाहीतर कोर्टाच्या भाषेत द्यायचं, विनाविलंब द्यायचं, आणि निकाल अपील करण्याजोगा असेल तर फुकट द्यायचं. सोलापुरात पूर्व भागातल्या घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत कन्नड, विजापूर वेशीच्या अलीकडे-पलीकडे दखनी-उर्दू. आणि निकाल बहुतेक वेळा इंग्रजीत. माझ्या सगळ्या नोकरीत तेलुगूत भाषांतर मागणारा एकही अर्ज माझ्या टेबलावर आला नाही. लोकांना गरज नव्हती असं कसं म्हणू? असं काही मागता येतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पस्तीस-चाळीस पानांच्या निकालाचं भाषांतर दरवेळी करून द्या असं मी म्हणत नाही. ते कुणाला जमणार नाही हे मलाही कळतं. एका पानाचं जमेल. मजकूर तोच, फक्त तारीख आणि कोर्टाचं नाव बदलायचं. तेलुगू शाळा आपल्या गावात आहेत, कन्नड शाळा तालुक्यात आहेत. तिथले शिक्षक अर्ध्या दिवसात करून देतील.

ही मागणी काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, म्हणजे आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात, सुप्रीम कोर्टासमोर चार वर्षांहून अधिक उशिरानं आलेलं अपील होतं. निकालाची प्रत तुरुंगात पाठवली होती म्हणे, पण ती कैद्याला मिळाल्याची पोच कुठंच नव्हती. तो माणूस शिक्षा भोगून बाहेरही आला होता. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी तेव्हा लिहिलं की कैदेची शिक्षा देणाऱ्या कोर्टानं निकालाची प्रत तत्काळ आणि फुकट द्यावी, तुरुंगानं ती पोहोचवून लेखी पोच घ्यावी, अपिलासाठी सोयी द्याव्यात आणि वकील परवडत नसेल तर सरकारनं द्यावा; हा सगळा जगण्याच्या हक्काचा, अनुच्छेद २१ चा भाग आहे. नंतर २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुहास चकमा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हायकोर्टांना सुचवलं की दोषी ठरवणाऱ्या निकालाची प्रत देताना तिला एक आवरणपत्र जोडता येईल का ते पाहावं : मोफत कायदेशीर मदत मिळते, ती कुठं मिळते, पत्ता काय, फोन काय. मी मागतोय ते पान हेच. त्यात दोनच गोष्टी वाढवा, शेवटची तारीख आणि भाषा. कारण ‘मोफत मदत उपलब्ध आहे’ हे वाक्य भिंतीवर बरीच वर्षं आहे. माणूस हलतो तो तारखेनं.

पानावर कोर्टाचं नाव ठळक का हवं, तर आता आपलं हायकोर्टच बदललं आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे. वकील मंडळी त्यासाठी किती वर्षं भांडली हे आपल्याला सांगायला नको. पण घराघरांत अजून ‘हायकोर्ट म्हणजे मुंबई’ हेच बसलेलं आहे. मंगळवेढा, सांगोला, मिरज अशा रस्त्यानं जाता येतं तिथं कुणी अजून रात्रीची रेल्वे धरून उलट दिशेला जाऊ नये. दुसरा गोंधळ खालच्या पायरीवर आहे. मोहोळच्या किंवा करमाळ्याच्या मॅजिस्ट्रेटनं शिक्षा दिली तरी लोक ‘हायकोर्टात जाऊ’ म्हणतात. ते अपील आपल्याच जिल्ह्यात, सेशन कोर्टात असतं. हे कळलं तर निम्मा धसका तिथंच उतरतो.

वकील मित्रांनो, पुढचं मुख्यतः आपल्यासाठी.

शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील करेपर्यंत शिक्षा देणारं कोर्टच त्याला जामीन देतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३०, पोटकलम ३, जुनं ३८९. कोर्टाला नाकारायला खास कारण लागतं. पण तो अर्ज त्याच दिवशी, त्याच दुपारी करावा लागतो, आणि अर्ज करतो म्हणजे अपील करायचं आहे हे कोर्टाला पटवावं लागतं. जामीनदार हजर लागतो, त्याची कागदपत्रं लागतात. निकालाची तारीख लागली आहे हे आपल्याला आधी ठाऊक असतं. मग पक्षकाराला आदल्या दिवशीच का सांगत नाही की उद्या जामीनदाराला घरपट्टीची पावती, आधार कार्ड घेऊन बरोबर आण? मला उत्तर माहीत आहे. निकाल आपल्या बाजूनं लागेल असं सांगून ठेवलेलं असतं, आणि जामीनदार आण म्हटलं तर पक्षकाराचा धीर सुटेल अशी भीती असते. पण त्या भीतीपायी संध्याकाळी पाच वाजता जामीनदार शोधत एमआयडीसीत फिरणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि कोर्ट उठल्यामुळे तुरुंगात रात्र काढलेले त्यांचे बापही.

देशानं हे सगळं एकदा टीव्हीवर पाहिलेलं आहे. २३ मार्च २०२३ ला सुरतच्या कोर्टानं राहुल गांधींना दोषी ठरवलं, त्याच दिवशी दोन वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच दिवशी अपिलासाठी ती शिक्षा ३० दिवस स्थगितही केली. दुसऱ्या दिवशी खासदारकी गेली, कारण लोकप्रतिनिधी कायद्यात दोन वर्षांची शिक्षा झाली की अपात्रता लगेच लागते, आणि अपील केलं म्हणून ती थांबवणारं पोटकलम सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच रद्द केलं होतं. ३ एप्रिलला अपील दाखल झालं. ४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं दोषसिद्धीलाच स्थगिती दिली तेव्हा खासदारकी परत आली. शिक्षा थांबणं वेगळं आणि दोषी हा शेरा थांबणं वेगळं, हे त्या चार महिन्यांत चहाच्या टपरीवरसुद्धा लोकांना समजलं. कुठल्या पक्षाचं कोण, हा माझा विषय नाही. एका दिवसात तिन्ही गोष्टी होऊ शकतात, कायदा सगळ्यांना तीच सोय देतो, एवढंच मला दाखवायचं आहे. फरक पडतो तो अर्ज खिशात तयार ठेवून उभा असलेला वकील असण्यानसण्याचा.

सुताच्या धंद्यामुळे आपल्याकडे न वटलेल्या धनादेशांचे खटले भरपूर. यंत्रमागवाला सूत उधार उचलतो, मंदी येते, चेक परत जातो, पुढं परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८. मॅजिस्ट्रेटनं शिक्षा आणि नुकसानभरपाई दिली की ३० दिवसांत सेशन कोर्टात अपील. पण तिथं सप्टेंबर २०१८ पासून त्याच कायद्याचं कलम १४८ लागू आहे : अपील ऐकताना कोर्ट भरपाईच्या किंवा दंडाच्या किमान २० टक्के रक्कम भरायला सांगू शकतं, ती ६० दिवसांत भरायची, कारण दाखवलं तर आणखी ३० दिवस. अपील टाकलं म्हणजे निभावलं असं समजणाऱ्या मागवाल्याला ही रक्कम ऐकून घाम फुटतो. ती जमवायला त्याला मुदतीच्या पहिल्या दिवसापासून वेळ हवा असतो, तिसाव्या दिवसापासून नव्हे.

आणि कबुलीचं काय? जुगार, किरकोळ हाणामारी, दारू. एक तारीख म्हणजे एक पाळी बुडते, म्हणून माणूस म्हणतो कबूल करतो, दंड भरतो, मोकळा होतो. कबूल केल्यावर दोषी ठरवण्याविरुद्ध अपील उरत नाही. शिक्षा बेकायदा आहे किंवा जास्त आहे एवढ्यापुरतंच उरतं. दंड फारच थोडा असेल तर तेही नाही, मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात शंभर रुपयांपर्यंतच्या नुसत्या दंडाला अपीलच नाही. पुढं पोलीस भरतीच्या फॉर्मवर ‘पूर्वी शिक्षा झाली आहे काय’ हा रकाना भरताना तेच पोरगं आमच्या खिडकीवर येतं आणि जुन्या निकालाची नक्कल मागतं. ती बघून अपील करता येईल का म्हणून विचारतं. कबुली घेण्याआधी एवढं एक वाक्य त्याच्या कानावर घालणं हे लोक अभिरक्षक कार्यालयातल्या, म्हणजे आरोपींना मोफत मिळणाऱ्या, वकिलांना अवघड नाही.

पीडित व्यक्तीलाही अपिलाचा हक्क आहे, आरोपी सुटला किंवा कमी गुन्ह्यात दोषी ठरला तर. तिलाही हे कुणी सांगत नाही. तो विषय मोठा आहे, त्यावर दुसऱ्या कुणीतरी लिहावं.

आता आपल्या कार्यालयाकडे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ आपल्याला पाठ आहे. स्त्री असेल, अनुसूचित जाती-जमातीचा असेल, कोठडीत असेल, त्याला उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. त्याच यादीत औद्योगिक कामगारही आहे. सोलापुरात ही ओळ मोठ्या अक्षरांत लावायला हवी होती. गिरण्या गेल्या तरी माग आहेत, टॉवेलचे कारखाने आहेत, विडीचे कारखाने आहेत. विडी घरकुलातल्या घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला तर ती स्त्री आहे एवढ्यावरच वकील मिळायला हवा. तिला कुणी सांगितलं नाही म्हणून ती गळ्यातलं मोडून वकील करते.

तुरुंगाचंही तेच. कैद्याला अपील तुरुंगाच्या अधिकाऱ्यामार्फत पाठवता येतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४२४. मोठी शिक्षा लागली की माणसं सोलापुरात राहत नाहीत, येरवड्याला नाहीतर कळंब्याला जातात. बदलीच्या त्या धावपळीत निकालाची प्रत इथल्या पेटीत आणि माणूस तिथं, असं होतं. प्रतीबरोबर ते एक पान आणि त्याची पोच असेल, तर तिकडच्या आपल्या स्वयंसेवकाला पहिल्याच भेटीत किती दिवस उरले ते कळेल.

म्हणून नेमकं मागतो. सहा महिने आपल्या जिल्ह्यात करून बघा. शिक्षा सुनावली की त्याच कोर्टातला कर्मचारी पान भरेल. निकालाची तारीख, अपिलाचं कोर्ट, आणि नकलेचे दिवस न धरता निघणारी शेवटची तारीख. नकलेचे दिवस मुद्दाम सोडायचे; वाढलेले दिवस वकिलासाठी राहू देत, माणसानं आधीचीच तारीख धरून पळावं. खाली आपल्या कार्यालयाचा पत्ता, फोन आणि १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक. मागच्या बाजूला चार ओळी : नकलेचा अर्ज आजच करा, तयार झाली की लगेच न्या, नक्कल मिळाल्यापासून नवी मुदत मिळत नाही, तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि जामिनावर असाल तर याच कोर्टात आजच जामीन मागा. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा. सोलापूर शहरात, बार्शीत, पंढरपुरात, माळशिरसला. तिथं बसलं की बाकी तालुक्यांत.

हे प्राधिकरणाच्या अधिकारात बसत नाही, हायकोर्टाची परवानगी लागेल, असं कुणी म्हणेल. लागत असेल तर मागा. सुप्रीम कोर्टाची सूचना समोर आहेच. पण तोवर वकील संघांना कुणाची परवानगी लागत नाही. निकालाच्या दिवशी आपल्या पक्षकाराच्या हातात आपल्या लेटरहेडवर तारीख लिहून देणं हे आजपासून होऊ शकतं. काहींना यात धोका वाटेल. लिहून दिलेली तारीख चुकली तर पक्षकार आपल्यालाच धरेल. धरू दे.

मराठी मजकूर मी तयार केला आहे. तेलुगू मजकूर पूर्व भागातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहून दिला आहे आणि तो दोन विडी कामगार बायकांना वाचून दाखवून, त्यांना अडला तिथं सोपा केला आहे. कन्नड आणि उर्दूला माणसं हवी आहेत. दोन्ही कागद आपल्या कार्यालयाच्या आवक विभागात येत्या सोमवारी देतो आणि पोच घेतो.

कळावे,
आपला विश्वासू,
नक्कल विभागातून निवृत्त झालेला एक कर्मचारी,
सोलापूर